आडजात लाकडाचे बळ

पूर्व विदर्भातल्या कुठल्याही लाकूड आगारात मालाचे दोन मोठे वर्ग ठरलेले असतात : सागवान आणि आडजात. सागवानाचे लठ्ठे वेगळे मोजले जातात आणि वेगळ्या बोलीने विकले जातात. उरलेले सगळे, म्हणजे येन, बीजा, धावडा, तिवस, हलदू, कळम, रोहन, सालई, एकाच शब्दाखाली येते. वर्ग करणे व्यापाराच्या सोयीचे असते, त्यात वावगे काही नाही. पण ‘आडजात’ या शब्दाला आपोआप दुसरा अर्थ चिकटतो. आडजात म्हणजे कमी प्रतीचे, कमजोर, जळणाच्या लायकीचे, असे आपण धरून चालतो. हे धरून चालणे मोजमापाला टिकते का, हा या लेखाचा प्रश्न आहे. त्यासाठी लाकडाचे बळ मोजण्याचा आपल्याकडचा इतिहास पाहावा लागेल, आणि त्या इतिहासाच्या पुढच्या टप्प्यावर, म्हणजे लाकूड कापून, वाळवून, चिकटवून नव्याने घडवलेल्या फळ्यांवर, यावे लागेल.

कचारगडच्या पायथ्याचे जंगल

उदाहरणासाठी आपण गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यातले कचारगड घेऊ. दरेकसा स्थानकापासून जवळ, डोंगरात एक प्रचंड नैसर्गिक गुहा आहे. गोंड समाजाचे हे मोठे श्रद्धास्थान. माघ पौर्णिमेला इथे महाराष्ट्राबरोबर मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातूनही भाविक येतात. पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांच्या कथेशी ही जागा जोडलेली आहे.

गुहेच्या भोवतीचे जंगल पानगळीचे आणि मिश्र आहे. त्यात साग आहे, पण सागाचेच राज्य नाही. मगरीच्या पाठीसारख्या सालीचा येन इथे ठळक दिसतो. पश्चिम महाराष्ट्रात त्याला ऐन म्हणतात, गोंडी-हिंदी मुलखात साजा. गोंडांच्या श्रद्धेप्रमाणे बडादेवाचा वास साजाच्या झाडात असतो. याच येनाच्या आणि अर्जुनाच्या पानांवर भंडारा-गोंदिया-गडचिरोली भागात टसराचे किडे पोसले जातात. म्हणजे ज्या झाडाला आगार ‘आडजात’ म्हणते, ते इथल्या माणसाच्या देवघरात आणि पोटापाण्यात पहिल्या रांगेत आहे.

या जंगलाच्या कडेने रेल्वे गेली ती १८८०च्या दशकाच्या आरंभी. नागपूर-छत्तीसगड ही आधी मीटरगेज लाइन होती. १८८७मध्ये स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेने ती ताब्यात घेऊन रुंद केली. दरेकशाच्या बाजूला डोंगर फोडून बोगदा काढला. रेल्वे आली की स्लीपर आले, पूल आले, डबे आले. आणि त्याबरोबर एक प्रश्न आला. कोणते लाकूड किती भार सोसेल? सुताराला हा प्रश्न नवा नव्हता. बैलगाडीच्या आखाला धावडा किंवा तिवस, घराच्या खांबाला बीजा किंवा येन, हे त्याला ठाऊक होते. पण सुताराचे ज्ञान त्याच्या गावापुरते आणि त्याच्या हातापुरते असते. शेकडो मैलांचा रस्ता बांधणाऱ्या इंजिनिअरला ते आकड्यात हवे होते.

लाकूड मोडून पाहण्याची विद्या

दोन आधारांवर ठेवलेली तुळई मधोमध भार दिल्यावर का मोडते, याचा हिशेब मांडायचा पहिला गंभीर प्रयत्न गॅलिलिओने १६३८मध्ये छापलेल्या ग्रंथात केला. त्याचे सगळे गणित बरोबर नव्हते, पण एक गोष्ट त्याने नेमकी पकडली : तुळईची उंची तिच्या रुंदीपेक्षा फार महत्त्वाची असते. आज आपण जाणतो की रुंदी दुप्पट केली तर बळ दुप्पट होते, पण उंची दुप्पट केली तर बळ चौपट आणि ताठपणा आठपट होतो. आपले सुतार म्याल आडवा न टाकता कडेवर उभा टाकतात, त्यामागे हेच गणित आहे.

हिंदुस्थानातल्या लाकडांवर असे प्रयोग एकोणिसाव्या शतकात लष्करी इंजिनिअरांनी सुरू केले. स्किनर या अधिकाऱ्याचे हिंदी आणि ब्रह्मी लाकडांच्या बळावरचे पुस्तक १८६२मध्ये मद्रासला छापले गेले. १८८१मध्ये गॅम्बल यांचा हिंदुस्थानी लाकडांवरचा मोठा ग्रंथ आला. त्यात झाडाचे वर्णन, वजन आणि उपयोग यांबरोबर, जिथे प्रयोग उपलब्ध होते तिथे मोडण्याच्या बळाचा गुणांकही दिलेला आहे.

या जुन्या आकड्यांत एक मोठी अडचण होती. कोणी ओले लाकूड मोडले, कोणी वाळलेले. कोणी जाड तुकडा घेतला, कोणी बारीक पट्टी. लाकडातले पाणी बळावर किती परिणाम करते हे लक्षात घेतले की अडचण कळते. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या पेशी पाण्याने भरलेल्या असतात. पोकळीतले मोकळे पाणी उडून जाईपर्यंत बळात फरक पडत नाही. ओलावा साधारण २५ ते ३० टक्क्यांच्या खाली उतरला, की पेशींच्या भिंती सुकू लागतात आणि तिथून पुढे ओलाव्याच्या प्रत्येक टक्क्यामागे बळ ढोबळमानाने ४ ते ६ टक्क्यांनी वाढते. म्हणून ओल्या सागाची वाळलेल्या येनाशी तुलना करणे म्हणजे एकाला उपाशी आणि दुसऱ्याला जेवू घालून कुस्ती लावण्यासारखे आहे.

डेहराडून : साग म्हणजे १००

ही अडचण शिस्तीने सोडवायचे काम डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेने केले. संस्था १९०६मध्ये स्थापन झाली. तिची आजची भव्य इमारत १९२९मधली. आर. एस. पिअर्सन हे तिथे वनउत्पादनांच्या उपयोगाचे काम पाहात. रेल्वेचे स्लीपर औषध पाजून टिकाऊ कसे करता येतील यावर त्यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातच लिहिले होते. पहिल्या महायुद्धानंतर तिथे लाकूड तपासणीचा स्वतंत्र विभाग उभा राहिला. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन येथे १९१०मध्ये अशीच प्रयोगशाळा सुरू झाली होती. त्याच धर्तीची पद्धत डेहराडूनला आली.

पद्धतीचा गाभा सोपा आहे. गाठ, चीर, पीळ नसलेला निर्दोष लहान तुकडा घ्यायचा. आजच्या भारतीय मानकाप्रमाणे वाकण्याच्या चाचणीसाठी तो ५ सेंटिमीटर रुंद, ५ सेंटिमीटर उंच आणि ७५ सेंटिमीटर लांब असतो, किंवा २ बाय २ बाय ३० सेंटिमीटरचा. तो दोन आधारांवर ठेवून मधोमध ठरावीक संथ गतीने दाबायचा. किती भाराला किती वाकला हे टिपत जायचे. शेवटी तो मोडतो. वाकण्याच्या आकड्यांतून ताठपणा कळतो आणि मोडण्याच्या आकड्यातून बळ. याशिवाय उभ्या खांबासारखे दाबून पाहायचे, तंतूंच्या दिशेने कातरून पाहायचे, वजन वाढत्या उंचीवरून आदळून धक्का किती सोसतो ते पाहायचे. कठीणपणा मोजायला ११.२८ मिलिमीटर व्यासाचा पोलादी गोळा लाकडात अर्धा रुततो तेव्हा किती जोर लागला ते नोंदायचे. हा विचित्र व्यास मुद्दाम ठरवलेला आहे. अर्ध्या रुतलेल्या गोळ्याचे तोंड बरोबर एक चौरस सेंटिमीटर भरते, त्यामुळे हिशेब सोपा होतो.

आकडे झाले, पण ठेकेदाराला आणि बांधकाम खात्याच्या ओव्हरसिअरला ते वाचता कसे यावेत? यावर तोडगा निघाला तो असा : साग म्हणजे १०० धरायचे आणि बाकी प्रत्येक लाकडाला सागाच्या तुलनेत गुण द्यायचे. वजन, तुळई म्हणून बळ, तुळई म्हणून ताठपणा, खांब म्हणून योग्यता, धक्का सोसण्याची शक्ती, आकार टिकवण्याची क्षमता, कातर, कठीणपणा, असे वेगवेगळे रकाने. या विभागात पुढे प्रमुख म्हणून ज्यांनी दीर्घकाळ काम केले त्यांचे आडनाव मराठी वाचकाला घरचे वाटेल : व्ही. डी. लिमये. हिंदी लाकडांचे गुणधर्म आणि उपयोगानुसार त्यांचे गट यांवरचे त्यांचे तक्ते पुढे इमारती लाकडाच्या भारतीय मानकांना पायाभूत ठरले. घर बांधताना इंजिनिअर आजही ज्या आकड्यांवर विसंबतो, त्यांच्या मुळाशी या विभागात मोडलेले असंख्य लहान तुकडे आहेत.

तक्त्यातला येन

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. साग १०० असेल, तर आपले आडजात लाकूड किती?

इथे तक्ता नीट, रकान्यारकान्याने वाचावा लागतो. वाळलेल्या सागाचे वजन घनमीटरला साधारण ६०० ते ६५० किलो. येन, बीजा आणि धावडा त्याहून स्पष्टपणे जड; येनाचे वजन ८५०च्या आसपास जाते. जड लाकूड म्हणजे पेशींच्या भिंती जाड, म्हणून कठीणपणात ही लाकडे सागाला मागे टाकतात. धावडा आणि तिवस धक्का सोसण्यात सागाहून सरस आहेत. सुतार त्यांचा आख करत होता. धावड्याला इंग्रजीतले व्यापारी नावसुद्धा आखावरूनच पडले. तुळई म्हणून बळ पाहिले, तर यातली अनेक लाकडे सागाच्या जवळपास किंवा पुढे उभी राहतात. म्हणजे बळाच्या रकान्यात ‘आडजात’ हा शब्द टिकत नाही.

मग साग पहिला का? एका रकान्यामुळे : आकार टिकवण्याची क्षमता. साग वाळताना फारसा आकसत नाही, पीळ खात नाही, फुटत नाही. शिवाय गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही. येन याच्या उलट. त्याच्या लठ्ठ्याच्या तोंडाला चिरा पडतात, फळी कमानीसारखी वाकते. त्याला सावलीत, थरांमध्ये बारक्या पट्ट्या देऊन, तोंडांना लेप लावून फार हळू वाळवावे लागते. एवढी सवड आगाराला नसते, ठेकेदाराला तर नसतेच. टिकाऊपणाच्या अडचणीवर डेहराडूनमध्येच उपाय निघाला होता. सोंटी कामेशम यांनी १९३३च्या सुमारास तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांच्या क्षारांचे ‘अस्कू’ हे मिश्रण शोधले. लाकडाला कीड आणि बुरशीपासून वाचवणारी ही पद्धत पुढे जगभर गेली.

तक्त्याचा निकाल असा की आडजात लाकूड बळात कमी नव्हते. ते वाळवण्यात, सरळपणात आणि टिकवण्यात अवघड होते. पण ‘साग १००’ हा तक्ता वाचताना सगळे रकाने मिसळून एकच क्रमवारी मनात ठसली. १९७४मध्ये स्थापन झालेल्या वनविकास महामंडळाच्या काळात पूर्व विदर्भातल्या मोठ्या क्षेत्रात मिश्र जंगल काढून सागाची लागवड झाली. त्यामागे महसूल, बाजार, सरकारी धोरण अशी अनेक कारणे होती. तरी सागाबाहेरच्या झाडाची किंमत शून्याजवळ धरल्याशिवाय तो हिशेब जुळला नसता, हेही तितकेच खरे.

तुकडे करून जोडलेले लाकूड

येनाचा दोष वाळण्यात आणि पीळ खाण्यात आहे, हे एकदा कळले की पुढचा विचार आपोआप सुचतो. जाड लठ्ठा वाळताना फुटतो, कारण बाहेरचा भाग आधी आकसतो आणि आतला ओलाच राहतो. मग लाकूड आधीच पातळ केले तर? पातळ पट्टी लवकर आणि एकसारखी वाळते. तिच्यातली गाठ, चीर दिसते आणि कापून टाकता येते. अशा पट्ट्या एकावर एक चिकटवल्या की पुन्हा जाड तुळई मिळते. शेजारच्या पट्ट्यांचे पीळ एकमेकांना धरून ठेवतात. प्लायवुडमध्ये तर प्रत्येक थराचे तंतू शेजारच्या थराला काटकोनात असतात, त्यामुळे फळी दोन्ही दिशांना आकार टिकवते. आज ज्याला अभियांत्रिकी लाकूड म्हणतात, ते थोडक्यात हे आहे.

आपल्याकडे प्लायवुड रुळले ते चहाच्या पेट्यांसाठी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्याची गरज वाढली. डेहराडूनला डी. नारायणमूर्ती यांनी गोंद, प्लायवुड आणि दाबून घट्ट केलेल्या लाकडावर काम केले. १९६०च्या दशकाच्या आरंभी बंगळूरला प्लायवुड उद्योगासाठी स्वतंत्र संशोधन संस्था आली.

इथे तपासणीचा रोख बदलला. लाकडाच्या तुकड्यात कमजोर जागा म्हणजे गाठ. चिकटवलेल्या फळीत कमजोर जागा म्हणजे डिंकाचा सांधा. म्हणून सांधा कातरून पाहतात; आणि तो कोरडाच नव्हे, उकळूनही पाहतात. जहाजाच्या दर्जाच्या प्लायवुडचा नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवतात आणि मग सांधा किती धरतो ते बघतात. सांध्यापेक्षा लाकूड आधी फाटले तर डिंक पास.

एक अडचण इथे प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. जड लाकडाचा पातळ पापुद्रा सोलणे कठीण असते आणि दाट लाकडात डिंकही नीट शिरत नाही. म्हणून कारखान्यांनी हलकी झाडे धरली : सावर, आणि पुढे शेतातले पॉप्लर, निलगिरी. सालई नेपानगरच्या वर्तमानपत्री कागदाकडे गेली. येन आणि धावडा या शर्यतीत मागे राहिले. त्यांच्यासाठी सोलण्याऐवजी कापलेल्या पट्ट्यांची तुळई हा मार्ग बरा. सांधा डिंकाचाच हवा असेही नाही. फळ्या खिळ्यांनी जोडून केलेल्या तुळयांसाठी १९६८पासून भारतीय मानक आहे. म्हणजे मोठा कारखाना नसतानाही आडजात लाकडाच्या लहान तुकड्यांतून मोठा पल्ला गाठता येतो, हे कागदावर मान्य झालेले आहे.

बांबू : लिमये यांचा निबंध आणि चटईची फळी

या सगळ्यात मला सर्वांत बोलके उदाहरण वाटते ते बांबूचे. १९५२मध्ये लिमये यांनी एकाच बांबूच्या बळावर निबंध प्रसिद्ध केला. हा बांबू म्हणजे आपल्या पूर्व विदर्भाच्या जंगलात सर्वत्र आढळणारा भरीव बांबू, शास्त्रीय नावाने डेन्ड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस. ओला आणि वाळलेला, कोवळा आणि पक्व, असे भेद करून त्यांनी तो तपासला. वाळल्यावर त्याचे बळ मोठ्या प्रमाणात वाढते, हे त्यातून आकड्यांनिशी पुढे आले. २००५च्या राष्ट्रीय इमारत संहितेत बांबूंचे बळानुसार तीन गट केले आहेत. त्यात हा बांबू पहिल्या, सर्वांत मजबूत गटात आहे.

ज्या वस्तूला आपण गरिबाचे लाकूड म्हणून कुंपणाला आणि ताटव्यांना लावले, किंवा टनावारी कागद गिरणीला दिले, ती इमारतीच्या संहितेत अव्वल गटात आहे. बंगळूरच्या संस्थेने पुढे बांबूच्या चटया डिंकात बुडवून, उष्णतेखाली दाबून फळ्या आणि नागमोडी पत्रे तयार केले. चटईच्या फळीचे भारतीय मानक १९९४मध्ये आले. चटई विणणे हे आपल्याकडे बुरड समाजाचे परंपरागत काम. या फळीचे बळ डिंकात आणि दाबयंत्रात आहे, तसेच ते विणणाऱ्या बोटांतही आहे.

मालकीचा प्रश्नही याच काळात हलला. २००६च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर गावांचा हक्क मान्य केला आणि त्यात बांबू आला. २०११मध्ये गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाला स्वतःच्या बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार मिळाला. २०१७च्या दुरुस्तीने भारतीय वन कायद्यातल्या ‘झाड’ या व्याख्येतून बांबू बाहेर काढला गेला. ग्रामसभा आता बांबू विकते, पण बहुतेक ठिकाणी कांडी म्हणून, नगावर किंवा बंडलावर. त्याच्या बळाची किंमत त्या भावात नसते.

आकडा कोणाच्या हातात

बळाचा आकडा झाडाच्या अंगावर लिहिलेला नसतो. कुठल्या जंगलातले झाड, किती ओले, किती मोठा तुकडा, कोणत्या रकान्याला जास्त वजन द्यायचे, हे ठरवल्यावर तो मिळतो. ‘साग १००’ ही त्या काळची उपयोगी मोजपट्टी होती. पण ती संपूर्ण देशासाठी होती आणि तिच्यातले सरासरी आकडे वेगवेगळ्या जंगलांतून आलेल्या नमुन्यांवर उभे होते. सालेकशाच्या खडकाळ उतारावर सावकाश वाढलेला येन आणि कोकणातल्या मुबलक पावसातला ऐन एकाच ओळीत बसवले, तर दोघांचीही नीट ओळख होत नाही.

म्हणून सुचवायचे ते एवढेच. लोखंडी सळई ताणून आणि सिमेंटचा ठोकळा दाबून पाहणारे यंत्र आज बहुतेक प्रत्येक अभियांत्रिकी महाविद्यालयात आहे. थोड्या जोडणीने त्यावर लाकडाची वाकण्याची चाचणी होते. चाचणीची पद्धत छापील मानकात तयार आहे. वाऱ्याने पडलेल्या किंवा नियमाने तोडलेल्या झाडांतून गोंदिया जिल्ह्यातल्या येन, धावडा, बीजा, कळम आणि भरीव बांबूचे नमुने घ्यावेत. ते १२ टक्के ओलाव्यापर्यंत सावकाश वाळवावेत, मोडावेत, आणि आकडे मराठीतून छापून ग्रामसभांना द्यावेत. विद्यार्थ्यांच्या दोन-तीन वर्षांच्या प्रकल्पांत हे काम बसते. तुळई, शाळेचे बाक, दाराची चौकट किंवा चटईची फळी करायची झाली, तर ग्रामसभेला ठेकेदाराशी ‘हे आडजात आहे’ या वाक्याच्या पुढे जाऊन बोलता येईल.

यात एक धोकाही आहे. आडजात लाकूड मजबूत आहे असे सिद्ध झाले, की कुऱ्हाड त्याच्याकडेही वळू शकते. पण किंमत न कळल्यामुळे मिश्र जंगल वाचले, असे आपला इतिहास सांगत नाही. ते तसेही साफ झाले. फरक पडेल तो आकडा कोणाकडे आहे यावर. तो फक्त आगाराकडे असेल तर त्याचा भाव होतो. जंगलाचा हक्क असलेल्या गावाकडे असेल, तर कोणते झाड तोडायचे, कोणते टसरासाठी राखायचे आणि कोणते बडादेवाचे म्हणून हात न लावता सोडायचे, हे ठरवताना तो कामाला येतो. कचारगडच्या यात्रेकरूंना येनाचे मोल सांगायला डेहराडूनच्या तक्त्याची गरज नव्हती. तक्त्याची गरज आपल्याला आहे, कारण बाजार आकड्यांत बोलतो आणि त्या बोलण्यात आजवर सागाचा आकडा तेवढा ऐकू आला.